बोलीचा आकडा आणि मैदानावरचे सात : प्रो कबड्डी लीगच्या संघमालकांना खुले पत्र

प्रति,
प्रो कबड्डी लीगमधील सर्व संघांचे मालक, मुख्य प्रशिक्षक आणि लीगचे आयोजक यांस

विषय : संघातील तारांकित खेळाडूचे स्थान आणि त्याभोवती होणारी संघबांधणी

महोदय,

सप्रेम नमस्कार.

2014 मध्ये लीगचा पहिला लिलाव झाला, तेव्हा सर्वांत महागडा खेळाडू राकेश कुमार होता आणि पाटणा संघाने त्याच्यासाठी 12 लाख 80 हजार रुपये मोजले होते. 2023 च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला 2 कोटी 60 लाख 50 हजार रुपयांना घेतले. नऊ वर्षांत वीसपट झालेल्या या आकड्याचा मला मनापासून आनंद आहे, कारण कबड्डीपटूच्या घामाची किंमत याआधी रेल्वे, पोलीस किंवा बँकेच्या संघातील एका नोकरीपलीकडे फारशी कधी गेलीच नव्हती. म्हणून या पत्राचा रोख खेळाडूच्या कमाईवर नाही, हे आधीच स्पष्ट करतो. संघ उभारताना आपण त्या एका खेळाडूकडून काय अपेक्षा ठेवता, त्याच्यासाठी बाकीच्यांचा किती वाटा बाजूला काढता आणि त्याच्या सावलीत बसलेल्यांना किती संधी देता, याविषयी मला लिहायचे आहे.

2023 च्या त्याच व्यवहाराकडे पुन्हा पाहावे. त्या वर्षी प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करण्यासाठी 5 कोटी रुपयांची मर्यादा होती. म्हणजे टायटन्सने आपल्या थैलीतील निम्म्याहून अधिक रक्कम एका चढाईपटूवर खर्च केली आणि उरलेल्या सुमारे 2 कोटी 40 लाखांत बाकीचा संपूर्ण संघ उभा करायचा ठरवला. पवनने त्या हंगामात चढायांमध्ये दोनशेहून अधिक गुण मिळवले. आपले काम त्याने केले, त्याला दोष देण्याचे काहीच कारण नाही. तरीही टायटन्सने 22 सामन्यांपैकी फक्त 2 जिंकले आणि संघ बाराव्या, म्हणजे शेवटच्या स्थानावर राहिला. त्याआधीच्या वर्षी तमिळ थलैवाजने याच पवनसाठी 2 कोटी 26 लाख मोजले होते, तेव्हा मर्यादा 4 कोटी 40 लाखांची होती. तिथेही निम्म्याहून अधिक वाटा एकाच नावावर गेला होता. 2018 मध्ये हरियाणा स्टीलर्सने मोनू गोयतला 1 कोटी 51 लाखांना घेऊन त्या लिलावातील सर्वांत मोठी बोली लावली आणि संघ आपल्या गटात तळाला राहिला. पुढच्या वर्षी कोल्हापूरच्या सिद्धार्थ देसाईला टायटन्सने 1 कोटी 45 लाखांना घेतले. यू मुंबाकडून पहिल्याच हंगामात गाजलेल्या या मुलाने तिथेही चढायांत दोनशेचा टप्पा ओलांडला, आणि टायटन्स अकराव्या क्रमांकावर राहिले. कोल्हापूरच्या मंडळांमध्ये तेव्हा सिद्धार्थच्या प्रत्येक चढाईचे कौतुक होत होते आणि त्याच वेळी त्याच्या संघाच्या गुणतक्त्याकडे पाहून हळहळही वाटत होती.

इतक्या वेळा घडलेली गोष्ट नशिबावर सोडून देता येत नाही. तिचे कारण आपल्या खेळाच्या रचनेतच आहे.

आज लीगमध्ये खेळली जाते ती कबड्डी संजीवनी पद्धतीची आहे. या पद्धतीत बाद झालेला गडी स्वतःच्या बळावर मैदानात परत येऊ शकत नाही. आपल्या संघाने प्रतिस्पर्ध्याचा एक गडी बाद केला की बाहेर बसलेल्यांपैकी एक जण आत येतो, तोही ज्या क्रमाने बाद झाला त्याच क्रमाने. बोनस गुणाने धावफलक पुढे सरकतो, पण त्याने कोणीही जिवंत होत नाही. तेव्हा कोट्यवधींचा चढाईपटू एकदा पकडला गेला की त्याचे पुढचे काही मिनिटांचे भवितव्य पूर्णपणे इतरांच्या हाती असते. डाव्या कोपऱ्यातील नऊ लाखांच्या मुलाने समोरच्या चढाईपटूचा घोटा वेळेवर धरला, तरच हा तारा पुन्हा रेषा ओलांडून जाऊ शकतो. क्रिकेटमध्ये एखादा फलंदाज दिवसभर एक बाजू लावून धरू शकतो, फुटबॉलमधील आघाडीचा खेळाडू नव्वद मिनिटे मैदानात राहू शकतो. कबड्डीतील सर्वोत्तम चढाईपटू मात्र त्याच्या बचावपटूंनी त्याला राहू दिले तेवढाच वेळ खेळतो. प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांना हे चांगले ठाऊक असते. ते त्याला एकदा पकडतात, मग आपल्या चढायांत धोका न पत्करता तिसऱ्या चढाईपर्यंत (दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण मिळवणे भाग असते) खेळ रेंगाळत नेतात आणि त्याला बाकावरच बसवून ठेवतात. चाळीस मिनिटांच्या सामन्यात एका संघाच्या वाट्याला चाळीसेक चढाया येतात. त्यांपैकी आठ-दहा चढायांना तो मैदानाबाहेर असला, तर सामना निम्मा तिथेच जातो.

म्हणून कबड्डीत ताऱ्याची किंमत त्याच्या स्वतःच्या गुणांवरून ठरवणे अपुरे आहे. बचावावरचा पैसा काढून चढाईवर लावणे म्हणजे त्या ताऱ्याचाच मैदानावरचा वेळ कमी करणे होय. आपल्या लिलावाच्या टेबलावर आकडेवारीचे जाणकार बसलेले असतात, तेव्हा हे आपल्याला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. तरीही बोली चढू लागली की हा हिशेब मागे पडतो, असे प्रत्येक लिलाव पाहताना जाणवते.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे आणि तिच्याकडे जितके लक्ष जायला हवे तितके गेलेले नाही. 2019 च्या अंतिम सामन्यात बंगाल वॉरियर्सला दुखापतीमुळे कर्णधार मनिंदर सिंगचा आधार नव्हता. समोर दबंग दिल्लीच्या नवीन कुमारने एकट्याने 18 गुण मिळवले आणि तरीही बंगालने सामना 39-34 असा जिंकला, कारण मोहम्मद नबीबक्षसह प्रत्येकाने थोडाथोडा भार उचलला. 2022 मध्ये थलैवाजकडून पहिल्याच सामन्यात पवनचा गुडघा दुखावला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. सगळ्यांनी तो संघ मोडीत काढला होता. त्याच हंगामात नरेंदर कंडोला या नव्या मुलाने चढायांत 243 गुण मिळवले, आपल्या अजिंक्य पवारने त्याला साथ दिली आणि थलैवाज इतिहासात प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचले. 2023 मध्ये दिल्लीचा नवीन गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला, आणि आशू मलिक त्या हंगामातील सर्वांत यशस्वी चढाईपटूंमध्ये जाऊन बसला. पुढे त्याच्याच नेतृत्वाखाली दिल्लीने 2025 चे विजेतेपद मिळवले. 2024 मध्ये टायटन्सचा पवन पुन्हा जखमी झाला, तेव्हा विजय मलिकने संघ सांभाळला आणि ज्या संघाने आदल्या वर्षी 2 सामने जिंकले होते त्याने 12 जिंकले. त्या वर्षी टायटन्सने पवनला 1 कोटी 72 लाख 50 हजारांत परत घेतले होते, म्हणजे बाकीच्या संघासाठी आदल्या वर्षीपेक्षा बराच अधिक पैसा शिल्लक होता, हेही लक्षात घ्यावे.

नरेंदर, आशू, विजय हे कोणी आकाशातून पडले नव्हते. ते त्याच संघात होते, त्याच सरावशिबिरात घाम गाळत होते, त्याच बसमधून प्रवास करत होते. मोठ्या नावाचा गुडघा निकामी होईपर्यंत त्यांच्या वाट्याला पुरेशा चढाया का येऊ नयेत, हा माझा आपल्याला थेट प्रश्न आहे. एका मुलाची गुणवत्ता उघड होण्यासाठी दुसऱ्या मुलाने जखमी व्हावे, अशी व्यवस्था दोघांवरही अन्याय करते. एकाला संधी मिळत नाही आणि दुसऱ्याच्या शरीरावर सगळ्या संघाचा भार पडतो. साखळी फेरीतील सामन्यांत जवळजवळ प्रत्येक दुसरी चढाई एकाच खेळाडूला करावी लागत असेल, समोरचे सातही जण त्याच एकासाठी साखळी बांधून उभे असतील आणि प्रत्येक झटापटीत त्याच्या घोट्यावर, मांडीवर, खांद्यावर तीन-चार जणांचे वजन येत असेल, तर त्या दुखापतीला केवळ दुर्दैव म्हणणे मला पटत नाही.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. ताऱ्याशिवाय लीग चालणार नाही, हे आपले म्हणणे खरे आहे. प्रदीप नरवालची डुबकी, म्हणजे बचावपटूंच्या हातांखालून वाकून निसटणे, पाहून गावोगावच्या मुलांनी मातीवर तीच चढाई करून पाहिली. 2017 मध्ये त्याने एका हंगामात चढाईचे 369 गुण मिळवले, हरियाणाविरुद्ध एका सामन्यात 34 गुण घेतले, आणि त्या खेळाने कबड्डीकडे कधीही न वळलेले प्रेक्षक वळले. 2018 च्या हंगामाच्या, 5 जानेवारी 2019 रोजी मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात पवन सेहरावतने बंगळुरू बुल्सच्या 38 गुणांपैकी 22 गुण एकट्याने मिळवून विजेतेपद खेचून आणले. असा खेळ पाहायला मिळणे हे प्रेक्षकाचे भाग्य असते. मात्र त्या हंगामात पवन हा बुल्सने 52 लाख 80 हजारांत घेतलेला खेळाडू होता, कर्णधार रोहित कुमार होता आणि संघाच्या थैलीत इतरांसाठीही पैसा उरलेला होता, हे त्या 22 गुणांच्या झगमगाटात विसरले जाते. आदल्या हंगामात गुजरातच्या संघात असताना त्याला मैदानावर उतरण्याची संधी क्वचितच मिळाली होती. पवन घडला तो अशा संघात, जिथे त्याच्यावर विश्वास होता आणि सगळा भार त्याच्या एकट्यावर नव्हता.

तारा संघात कसा असावा, याची उदाहरणे आपल्या लीगमध्येच आहेत आणि त्यांतील काही आपल्या महाराष्ट्राच्या संघांची आहेत. अनुप कुमारने पहिल्या हंगामात चढाईचे सर्वाधिक गुण मिळवले, पण यू मुंबा पहिल्या तीनही हंगामांत अंतिम फेरीत गेला आणि 2015 मध्ये जिंकला तो त्याच्या गुणांइतकाच त्याच्या शांतपणामुळे. सामना हातातून निसटत असताना चढाईला कोणी जायचे, बोनस घेऊन परतायचे की झुंजायचे, हे तो इतरांना समजावत असे, आणि स्वतः बाद होऊन बाहेर बसला तरी त्याचे लक्ष आतच असे. फझल अत्राचलीसारख्या बचावपटूने पकडीचे पाचशे गुण ओलांडले. तो ज्या संघात गेला तिथे उजव्या कोपऱ्यातील मुलगाही सुधारला, कारण केव्हा पुढे झेपावायचे आणि केव्हा थांबायचे हे फझल मैदानातच बोलून शिकवत असे.

पुणेरी पलटणविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण मला जे म्हणायचे आहे ते या संघाच्या चार-पाच वर्षांच्या वाटचालीत सर्वांत स्पष्ट दिसते. 2021-22 च्या हंगामात राहुल चौधरी आणि नितीन तोमर ही दोन मोठी नावे संघात होती. ती चालेनात तेव्हा नवोदितांच्या गटातून आलेल्या अस्लम इनामदार आणि मोहित गोयत यांच्यावर विश्वास टाकला गेला आणि संघ बाद फेरीपर्यंत पोहोचला. पुढच्या वर्षी पलटण अंतिम सामन्यात गेली, पण अस्लम आणि मोहित दोघेही जखमी होते आणि जयपूरने 33-29 असा विजय मिळवला. 2023-24 मध्ये प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्या हाताखाली याच मुलांनी साखळीत पहिले स्थान घेतले आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत हरियाणाला 28-25 असे हरवून पुण्याला पहिले विजेतेपद मिळवून दिले. त्या हंगामातील चढाईपटूंच्या यादीत पहिल्या पाचांत पलटणचा एकही खेळाडू नव्हता. कधी अस्लम, कधी मोहित, कधी पंकज मोहिते चढाईला जात असे. अंतिम सामन्यात तर पंकजच्या चार गुणांच्या एका चढाईने पारडे फिरवले. हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून अस्लमची निवड झाली, ती गुणांच्या राशीमुळे झाली नाही. चढाई, कोपऱ्यातील पकड आणि नेतृत्व ही तिन्ही कामे तो करत होता.

याच पलटणने त्या वर्षी इराणच्या मोहम्मदरझा शादलूसाठी 2 कोटी 35 लाख मोजले होते, हे माझ्या युक्तिवादाला अडचणीचे वाटेल म्हणून मी ते लपवणार नाही. पण तो बचावपटू आहे. बाद झालेल्या चढाईपटूंना मैदानात परत आणणारा आहे. आणि त्याच्याभोवतीचे चढाईपटू आधीपासून एकत्र घडवलेले होते. आधी संघ उभा राहिला, मग मोठ्या बोलीने त्यातील उणीव भरली गेली. हाच क्रम उलटा केला की काय होते, ते टायटन्सच्या उदाहरणात दिसले आहे. 2024 च्या हंगामात शादलू हरियाणाकडे गेला आणि हरियाणा जिंकली. अस्लम मधेच जखमी झाला आणि गतविजेती पलटण बाद फेरीही गाठू शकली नाही. तेव्हा मोठ्या खेळाडूची किंमत मी नाकारत नाही. अस्लम नसताना पलटणला जे उणे पडले, ते चढाईच्या गुणांच्या रकान्यात मावणारे नव्हते, एवढेच मला दाखवायचे आहे.

हा रकाना हीदेखील आपण विचार करावा अशी बाब आहे. चार जणांनी मिळून एक चढाईपटू ओढून आणला तरी पकडीचा गुण एकाच्या नावावर चढतो. साखळीतील दुसऱ्या गड्याने हात सोडला असता तर तो गुण मिळालाच नसता, पण त्याच्या नावावर काहीही लागत नाही, आणि पुढच्या लिलावात त्याची बोली ज्या आकड्यांवर ठरते त्यांत त्याचा तो हात दिसत नाही. आयोजकांना माझी विनंती आहे की पकडीतील साथीची नोंद प्रत्येक सामन्यात ठळकपणे दाखवावी. त्याचबरोबर प्रत्येक प्रमुख चढाईपटू किती वेळ बाहेर बसला आणि त्याला कोणाच्या पकडीमुळे किंवा चढाईमुळे परत येता आले, हेही प्रेक्षकांसमोर मांडावे. माहिती सामन्याच्या चित्रणात असतेच. ती मोजण्याची आणि दाखवण्याची इच्छा हवी. प्रेक्षक एका नावासाठी तिकीट काढतो हे मान्य, पण त्याला उरलेल्या सहा जणांची नावे सांगण्याचे काम समालोचन आणि जाहिराती करू शकतात.

संघमालकांना माझे सांगणे असे की, कर्णधारपद लिलावाच्या किमतीबरोबर देऊन टाकू नये. 2021-22 मध्ये दिल्लीचा सर्वांत चमकदार खेळाडू नवीन होता, पण नेतृत्व अनुभवी बचावपटू जोगिंदर नरवालकडे होते, आणि त्यांनी पाटण्याला 37-36 असे हरवून विजेतेपद मिळवले. अंतिम सामन्यात विजय मलिकने 14 आणि नवीनने 13 गुण घेतले. नेतृत्वाचे ओझे खांद्यावर नसल्यामुळे नवीन मोकळेपणाने खेळू शकला, असे मला वाटते. याच जोगिंदर यांनी पुढे प्रशिक्षक म्हणून 2025 मध्ये दिल्लीला पुन्हा जिंकून दिले. कर्णधाराची घोषणा सरावशिबिर संपल्यावर, मुले एकमेकांना ओळखू लागल्यावर करावी.

आयोजकांनी एका खेळाडूवर संघाच्या एकूण मर्यादेपैकी किती वाटा खर्च करता येईल याचीही सीमा ठरवावी. माझ्या मते ती एक तृतीयांशाच्या आसपास असावी. 5 कोटींच्या मर्यादेत हा आकडा सुमारे 1 कोटी 66 लाख होतो, म्हणजे मोठ्या खेळाडूची कमाई मोठीच राहते आणि खालच्या गटातील मुलांसाठी काहीतरी उरते. 2023 मध्ये ड गटाची, म्हणजे लिलावातील सर्वांत खालच्या गटाची, पायाभूत किंमत 9 लाख होती आणि त्याच लिलावातील सर्वोच्च बोली तिच्या सुमारे 29 पट होती. हे दोघे एकाच मैदानावर हातात हात गुंफून साखळी बांधतात. तारांकित खेळाडूला यापेक्षा अधिक द्यायचे असेल, तर एकूण मर्यादाच वाढवावी. त्याने सगळ्यांचेच भले होईल.

ताऱ्याच्या उतरत्या काळाविषयीही लिहिणे भाग आहे. प्रदीप नरवालला 2021 मध्ये यूपी योद्धाने 1 कोटी 65 लाखांना घेतले, तेव्हा तो लीगमधील सर्वांत महाग खेळाडू होता. 2024 मध्ये त्याची बोली 70 लाखांवर आली आणि 2025 च्या लिलावात त्याला कोणीही घेतले नाही. चढाईचे 1,801 गुण नावावर असलेल्या खेळाडूने त्यानंतर निवृत्ती जाहीर केली. व्यवसायात किंमत खालीवर होणार हे मला समजते. तरीही ज्याच्या नावावर आपण इतकी वर्षे तिकिटे विकली, त्याला संघात घेणे शक्य नसेल तर तरुण चढाईपटूंना शिकवण्यासाठी एखाद्या संघाने आधीच बोलावून ठेवायला हवे होते. मोठ्या खेळाडूशी करार करतानाच, खेळ थांबल्यावर त्याला संघाच्या प्रशिक्षणात किंवा युवा केंद्रात काम मिळेल, असे कलम त्यात घालता येईल. डुबकी कशी मारायची हे प्रदीपपेक्षा चांगले कोण सांगणार?

पुढच्या लिलावाआधी आपल्या बैठका सुरू होतील, तेव्हा कोणत्या मोठ्या नावावर किती रुपयांपर्यंत जायचे याची यादी तयार होईल. त्या यादीशेजारी आणखी एक यादी असावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. हे मोठे नाव बाद होऊन बाहेर बसले की त्याला कोणते दोन बचावपटू परत आणणार आहेत, त्याच्या जागी चढाईला कोण जाणार आहे आणि साखळीच्या पहिल्या निम्म्या सामन्यांत त्या दुसऱ्या-तिसऱ्या चढाईपटूला किमान किती चढाया मिळणार आहेत, याची ती यादी असावी. खर्चाच्या सीमेविषयी आणि नोंदींविषयी मी केलेल्या सूचनांवर आयोजकांनी आपला निर्णय जाहीरपणे कळवावा, ही अपेक्षा.

कळावे.

आपला नम्र,
एक कबड्डीप्रेमी प्रेक्षक, पुणे